होडीच्या रंगाची खोली

"भिंत पाडायची," नीराबाई म्हणाली आणि तिनं दादूच्या हातात घण दिला.

दादू रंगारी होता, तोही होड्यांचा. रेवदंड्याच्या कोळीवाड्यात घरं कुणी रंगवत नसे. दिवाळीला चुना फासला की घर नवं. शिवाय त्या भिंतीपलीकडं हरेश्वरची जाळी होती. हरेश्वर म्हणजे नीराबाईचा दीर, आणि दरवर्षी दादूकडून होडी रंगवून घेणारा माणूस. दादूनं जरा भिंतीकडं पाहिलं, जरा नीराबाईकडं पाहिलं. दोघींत भिंत सोपी वाटली. त्यानं घण उचलला.

नीराबाईचा नवरा शिवदास मुंबईला गोदीत होता. दोन वर्षांपूर्वी त्यानं तिकडं ठमी नावाच्या बाईशी घरोबा केला. महिन्यापूर्वी हरेश्वरला त्याचं पत्र आलं, की शिमग्याआधी ठमीला घेऊन कायमचा येतोय, नीरेला तिच्या माहेरी श्रीवर्धनला धाडून दे. हरेश्वरनं ते अंगणात मोठ्यानं वाचलं. मग ज्यांना ऐकू गेलं नसेल त्यांच्यासाठी पुन्हा वाचलं.

नीराबाई तेव्हा बोंबील वाळत घालत होती. तिनं दोरी पूर्ण भरली, हात धुतले आणि आत जाऊन मधली खोली पावलांनी मापली.

दुसऱ्या दिवशी दादूला बोलावणं गेलं.

भिंत पडली. हरेश्वरची जाळी अंगणात आली, जाळ्यांमागोमाग हरेश्वर आला. ही दादाची खोली, बापाचं घर, तुम्ही चार दिवसांच्या पाहुण्या, असं बरंच तो बोलला. नीराबाई ढिगाऱ्यातल्या शाबूत विटा निवडत होती.

"भावजी," ती म्हणाली, "ह्या घरातनं मी जाणार न्हाय. ज्याला जायचं असंल त्यानं आपलं सामान बांधावं. जाळी तर मी बांधूनच दिलीत."

त्या दिवसांत मुंबई महाराष्ट्रात येणार की नाही यावर धक्क्यावर रोज भांडणं होत. ती बंद पडली आणि नीराबाईच्या भिंतीवर सुरू झाली. म्हातारी सोनाबाई म्हणाली, सवतीसाठी घर सोडण्यापेक्षा ही ते मोडून टाकणार. पण नीराबाई मोडत नव्हती. तिनं अलिबागेहून शहाबादी फरशी आणवली. शेणाच्या जमिनीवर जन्म गेलेली अख्खी आळी एकेक करून येऊन त्या फरशीवर अनवाणी उभी राहून गेली.

मधूनच काम थांबे. खिडकी रस्त्याकडं पाडायची की खाडीकडं, असं दादूनं विचारलं तर नीराबाई म्हणाली, चार दिवस थांब. गुरुवारची लाँच टपाल देऊन गेली आणि संध्याकाळी तिनं ठाम सांगितलं, खाडीकडं. कोनाड्याचंही तसंच झालं. दादूला वाटे, बाई चार दिवस रडत असेल. रडून झालं की माणसाचं डोकं चालतं.

मग रंग. दादूनं होडीचाच तेलरंग आणला होता. तो सवयीनं गुडघ्याएवढा लाल पट्टा देत गेला आणि त्यावर पिवळा. चारी भिंती झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की होडीचा पाण्यात बुडणारा भाग लाल असतो आणि खोली पाण्यात सोडायची नाही. तो ओशाळला.

नीराबाईनं खोलीभर नजर फिरवली. "राहू दे," ती म्हणाली. "भरती कुठवर आली ते समजंल."

त्याच सांजेला हरेश्वरनं दादूला वाटेत गाठलं. माझी होडी तरी रंगव नाहीतर तिची खोली, म्हणाला. दादू ताडी प्यायला गेला, न पिताच परत आला. त्याला बायको होती, दोन पोरी होत्या, आणि गावातल्या निम्म्या होड्या हरेश्वरच्या सोयऱ्यांच्या होत्या. सकाळी तो हरेश्वरच्या दारात उभा राहिला.

"दुसरा हात राहिलाय," तो म्हणाला. "अर्धी रंगवलेली खोली मी सोडत न्हाय. होडी पण सोडली नसती."

हरेश्वरनं त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणं टाकलं. दादूला ते फारसं जड गेलं नाही.

शिवदासचं दुसरं पत्र आलं. येत्या गुरुवारच्या लाँचनं येतोय. हरेश्वरनं हेही दोनदा वाचलं. नीराबाईनं दादूला एवढंच विचारलं, की बुधवारपर्यंत वाळेल का.

गुरुवारी ज्यांची जाळी फाटली नव्हती तेही जाळी शिवायला धक्क्याजवळ बसले. नीराबाई दारात उभी होती. पदर खोचलेला, हातात कोयता. नारळ सोलत होती म्हणावं, तर नारळ कुठं दिसत नव्हता. दादू आत चौकटीला शेवटचा हात देत होता. पळायला मागचं दार मोकळं आहे, हे त्यानं पाहून ठेवलं होतं.

लाँच लागली. ठमी उतरली. काळी, उंच, डोक्यावर पत्र्याची ट्रंक. तिच्यामागं कोंबड्यांची एक पाटी उतरली, पाटीमागं कुणीच नाही.

हरेश्वर धावला. दादा कुठाय म्हणून त्यानं विचारलं.

"ते न्हाय यायचे," ठमी चालता चालता म्हणाली. "तिसरीच्या खोलीला चुना देतायत."

हरेश्वर जागीच थांबला. ठमी थांबली नाही. सगळा कोळीवाडा मागं आणि ती पुढं, अशी वरात नीराबाईच्या दारापर्यंत आली. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. सोनाबाईनं डोळे मिटून घेतले.

नीराबाई एक पाऊल बाजूला सरली.

ठमी आत आली. तिनं ट्रंक फरशीवर ठेवली, खिडकीतून खाडी पाहिली, लाल पट्ट्यावरून बोट फिरवून बोटाला रंग लागतो का ते पाहिलं. मग भिंतीवरच्या खुंट्यांशी येऊन ती थबकली आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"नीराताय," ती म्हणाली, "खुंट्या डाव्या हाताला पायजेत, असं दोन पत्रांत लिवलं हुतं मी."