हुकांची शेवटची ओळ

"पोट आत घे, यामिले!" म्हणत सासूनं पोटपट्ट्याचे हूक शेवटच्या ओळीत अडकवले. कोलंबियातल्या मेदेयिन शहरातलं पोटपट्ट्यांचं हे दुकान तिचंच, त्यामुळे चाळीस दिवसांची ओली बाळंतीण सून नमुना म्हणून गिऱ्हाइकांसमोर उभी होती. "आई, भूक लागलीय." "रोज एक कोंबडी शिजवतेय की!" कोंबडी नवऱ्याच्या ताटात जायची, यामिलेला वरचं पाणी. "बघा, मांड्यासुद्धा उतरल्या!" सासू मिरवू लागली. "त्या पट्ट्यानं नाही, दूध होऊन पोरीच्या पोटात गेल्या," म्हणत गिऱ्हाइकांतल्या एका म्हातारीनं पाळण्यातल्या तान्हीला उचललं आणि ती चपापली. "ही तर जन्मली तेवढीच आहे! दूध पुरत नाही हिला. आधी सुनेला पोटभर खायला घाल!" यामिलेनं आशेनं सासूकडे पाहिलं. सासूनं गळ्यातली मापाची टेप काढून नातीच्या पोटाभोवती गुंडाळली, आकडा वाचला आणि गिऱ्हाइकांना टेप दाखवली. "आमच्या घरची मुलगी आहे. आत्तापासूनच कंबर बघा हिची!"