बांधाकडची ओळ

"वैनी, बोलू का नको?" बागेत मजुरीला आलेल्या अंबूबाईने भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. असं विचारणारी बाई बोलल्याशिवाय थोडीच राहते!

"तुमची पोरगी रोज जेवणाच्या सुट्टीत बांधाकडच्या ओळीत जाती. येताना हसत येती. अन् बांधापलीकडं भिकाची बाग हाय. त्याचा राजू तिथंच फवारणी करतो. मी आपलं कानावर घातलं."

शुभांगीने बांधाकडे मान वळवली. वेदिका आठवडाभर कॉलेज बुडवून द्राक्षांना कागद लावायला घरी राहिली होती. ऊन-थंडीने मणी गुलाबी पडू नयेत म्हणून घडाघडाला रद्दीचा कागद गुंडाळून पिन मारायची. घड हजारो, आणि मजूर मिळेनात. बांधाकडची ओळ पोरीने हट्टाने मागून घेतली होती. तेव्हा शुभांगीला केवढं कौतुक वाटलं होतं. आता तिला त्या हट्टाचाच संशय यायला लागला.

सकाळीच चहा पिताना सोमनाथ म्हणाला होता, "पोरीवर लक्ष ठेव. एकटीच हसते ती. काही निघालं तर सोमवारपासून कॉलेज बंद. पिंपळगावचं स्थळ थांबलंच आहे." नवरा एकदा बोलला की बोलला, हे शुभांगीला पक्कं ठाऊक होतं.

तिने डबा तसाच झाकला, चपला हातात घेतल्या आणि वेलींआडून बांधाकडे गेली. वेदिका एकटीच होती. एका घडाची पिन काढायची, कागद उलगडून काहीतरी वाचायचं, गालात हसायचं, परत पिन मारायची आणि पुढच्या घडाकडे जायचं. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात पेनाने आकडा घातलेला. तीन, चार, पाच.

चिठ्ठ्या! अगं बाई, काय डोकं चालवलंय कार्टीने! आणि आकडे म्हणजे भेटायची वेळ, दुसरं काय असणार?

वेदिका गेल्यावर शुभांगीने तीन नंबरचा कागद उघडला. आत चिठ्ठी नव्हती. कागदावरच छापील गोष्ट होती. रद्दीत आलेल्या कुठल्याशा कॉलेजच्या पोरांच्या साप्ताहिकाचं पान, घडाच्या मापाने मधोमध कापलेलं. एक मुलगा रोज एसटीत एका मुलीसाठी पिशवी ठेवून जागा धरतो. बोलत मात्र काही नाही. आणि एक दिवस जागेवर पिशवीच नसते. मुलगी घाबरून मागे वळून बघते, तर...

तर काय? कागद तिथेच संपला होता.

शुभांगीला आधी हायसं वाटलं आणि मग चीड आली. तिने चार नंबर उघडला. ती दुसरीच गोष्ट निघाली, विसरलेल्या छत्रीची. पाच मिनिटांत संपली. गोड संपली. कुणी मेलं नाही, कुणी पळून गेलं नाही, दोघं टपरीवर चहा प्यायली, बस्स. तिने पाच उघडला. मग सहा. एसटीतल्या त्या पोरीचं काय झालं ते काही सापडेना, पण शुभांगीला हसू आवरेना.

"कोण आहे तिकडं?"

सोमनाथ होता. अंबूबाईने त्याच्याही कानावर घातलंच असणार.

चार घड उन्हात उघडे पडले होते. त्याने ते पाहिले, बायकोच्या हातातला कागद ओढून घेतला आणि चार ओळी वाचल्या. "प्रेमाच्या गोष्टी? वेदीचे उद्योग ना हे?"

चिठ्ठी काय नि छापील गोष्ट काय, त्याला दोन्ही सारखंच. 'हो' म्हटलं की पोरीचं कॉलेज संपलं.

"माझे उद्योग आहेत," शुभांगी म्हणाली.

"तुझे? या वयात? कधीपासून?"

"शाळेत होते तेव्हापासून. वडिलांना दप्तरात असलंच एक पुस्तक सापडलं, आणि महिन्याभरात मी तुमच्या घरी आले. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं वाटतं?"

सोमनाथने बांधापलीकडे पाहिलं. तिथे राजू नव्हता. त्याचा बाप भिका ठिबकची नळी दुरुस्त करत बसला होता. त्याने 'राम राम' म्हणून हात वर केला. सोमनाथने केला नाही.

पुढचे दोन दिवस त्याने बायकोवर पाळत ठेवली. तिचा मोबाईल उचलून बघितला, परत ठेवला. ती एकटीच हसली की भाजी ढवळावी तसा चहा ढवळत राहिला. वीस वर्षांत त्याने तिच्याकडे इतका वेळ कधी बघितलं नव्हतं. शुभांगीला भयंकर राग येत होता आणि, खोटं कशाला सांगा, थोडं बरंही वाटत होतं.

सोमवारी सकाळी ती वेदिकेला फाट्यावर सोडायला गेली. एसटीच्या पायरीवर पाय ठेवल्यावर पोरगी वळली आणि हळूच म्हणाली, "मम्मी, तीन नंबरचा उरलेला अर्धा कागद सव्विसाव्या घडावर आहे."

शुभांगी काही बोलायच्या आत गाडी हलली.

ती परत आली तेव्हा सोमनाथ बागेच्या तोंडाशीच उभा होता. मोटारसायकल चालू, पण जागची हलत नव्हती.

"कुठं निघालीस?"

"बागेत," ती म्हणाली. पदर खोचला आणि त्याच्यासमोरूनच बांधाकडच्या ओळीत शिरली.