दोन पानी भाषण

"भाषण पाठ नसेल, तर भूमिका दुसरीला देतो," सर कडाडले. एका जुन्या कादंबरीवरून त्यांनी नाटक बेतलं होतं. मी त्यातली सून. शेवटच्या प्रवेशात ती घर कायमचं सोडते आणि निघताना 'मी अबला नाही!' पासून सुरू होणारं दोन पानी भाषण ठोकते.

"पाठ आहे, सर. पण अख्ख्या नाटकात सासूसमोर मान वर न केलेली बाई एवढं बोलणार नाही."

"मग काय बोलेल?"

"करून दाखवते."

बोचकं उचलून मी खडूने आखलेल्या उंबऱ्याशी गेले. सासूचं काम करणाऱ्या इंदूताई बाजूला सुपारी कातरत बसल्या होत्या. या प्रवेशात त्यांना एकही वाक्य नव्हतं. मान खालीच ठेवून मी म्हणाले, "जाते."

अडकित्ता थांबला. इंदूताई धडपडत उठल्या. नाटकभर सुनेला घालूनपाडून बोललेला त्यांचा आवाज एकदम काकुळतीला आला. "अगं, जाते नाही, येते म्हणावं!"

हे संहितेत नव्हतं. मी उंबरा ओलांडला, वळले, आणि पहिल्यांदाच मान वर करून त्यांच्या डोळ्यांत पाहिलं.

"जाते, सासूबाई."

मग सरांनी पेन काढलं आणि दोन्ही पानांवर फुली मारली.

"पडदा इथेच पडेल."

ते भाषण मला अजून पाठ आहे. कुणी मागत नाही.