इमान कुठं हाय?

"प्रिय अतिथी, आपल्या विमानाच्या परिचालनात किंचित पुनर्नियोजन झाले आहे. आपणांस सुखद अनुभव देण्यास आम्ही वचनबद्ध आहोत. आपल्या संयमाची आम्ही प्रशंसा करतो."

सोनियानं माइक बंद केला. सकाळपासून हीच प्रशंसा चालली होती. चिकलठाणा विमानतळाच्या त्या दालनात एवढं कौतुक होऊनही एकाच्याही चेहऱ्यावर आनंद दिसत नव्हता.

शेजारी केयूर उभा होता. कंपनीच्या मुख्य कार्यालयातून तो 'अतिथी अनुभव' सुधारायला आला होता. प्रवासी म्हणायचं नाही, अतिथी म्हणायचं. उशीर म्हणायचं नाही, पुनर्नियोजन म्हणायचं. सोनियाची नोकरी अजून कच्ची होती आणि ती पक्की करायची की नाही, हे तो ठरवणार होता.

"टोन छान होता," तो म्हणाला. "फक्त शेवटी थोडं स्माइल ऐकू यायला हवं."

पुढच्या रांगेतल्या लक्ष्मीबाईंनी मांडीवरचा डिंकाच्या लाडवांचा डबा नवऱ्याच्या, पुंजारामांच्या, हाती दिला आणि त्या काउंटरपाशी आल्या. दोघं वैजापूरची. मुंबई त्यांच्या घरापासून मावळतीला. पण जावयानं हौसेनं विमानाची तिकिटं काढली, म्हणून भल्या पहाटे उठून ती उगवतीला इथवर आली होती. मुंबईला जायला आधी मुंबईपासून लांब यायचं, हे दोघांनाही कळत होतं. पण जावयाच्या मानापुढं दिशा कोण बघतो?

"पोरी, लई गोड बोलतीस," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "सांजच्याला मुंबईत माझ्या लेकीचं सिझर हाय. आत न्यायच्या आधी आई दिसली पाहिजे म्हणती. आता तूच सांग, आमी बसू का उठू?"

"विमान लवकरच..." सोनिया केयूरकडं बघत अडखळली.

"आजी, आमची टीम परिस्थितीवर बारकाईनं लक्ष ठेवून आहे," केयूर पुढं झाला. "थोडा पेशन्स ठेवा. अपडेट मिळताच शेअर करू."

"ठिवते की. पर इमान कुठं हाय?"

"म्हणजे?"

"म्हणजे आत्ता, या घडीला, कुठं उभं हाय?"

कधी येणार, याची उत्तरं केयूरकडं पुष्कळ होती. कुठं आहे, याचं एकही नव्हतं.

लक्ष्मीबाईंना त्याची कीव आली. "आमच्याकडं टँकर येतो," त्यांनी समजावलं. "कधी येणार इचारलं की डायवर म्हणतो, आलोच. आलोच म्हणणारा दुसऱ्या दिवशी बी येतो. म्हणून आमी इचारतो, कुठं हायेस? विहिरीवर भरतोय म्हणला, तर वावरातलं काम उरकायचं. फाट्यावर आलो म्हणला, तर हंडे घेऊन पळायचं. जागेचं खोटं बोलायला माणूस जरा कचरतो."

"अगं, सायबाला टँकर कशाला सांगतीस?" मागून पुंजाराम म्हणाले. "आपण त्यांचे अतिथी व्हय? अतिथीला कुणी अजून पाणी बी इचारलं नाय."

सोनिया हसली नाही. ती इथल्याच, शहरातल्या पुंडलिकनगरची. शहर विमानतळाच्याही पुढं गेलं होतं, नळाचं पाणी मात्र मागंच राहिलं होतं. तिची आईसुद्धा पाणी सोडणाऱ्याला फोन लावून एवढंच विचारायची, भाऊ, कुठल्या गल्लीत आहात?

तिनं समोरच्या स्क्रीनवर बघितलं. मग लक्ष्मीबाईंकडं.

"मुंबईतच आहे, आजी. बिघाड झालाय. दुरुस्ती चालू आहे."

केयूरनं डोळे मिटले.

"मग उठतो," लक्ष्मीबाई म्हणाल्या. रागावल्या नाहीत की काही नाही. "अवो, फकिराला फोन लावा."

फकिरा म्हणजे पुतण्या, जीप घेऊन सोडायला आलेला. तो परत गेलाच नव्हता. पाहुण्यांची एसटी वळणाआड जाईपर्यंत त्यांच्याकडं कुणी माघारी फिरत नाही. तसा हा, विमान दिसेनासं झालं की निघायचं म्हणून, कुंपणाबाहेर आभाळाकडं बघत थांबला होता.

"बरं झालं," पुंजाराम डबा सावरत म्हणाले. "आता घरावरनंच जायचं. म्हशीला पाणी दाखवून—"

"जीप थांबायची नाय."

सोनिया त्यांना बाहेरच्या दारापर्यंत पोचवून आली आणि तिनं पुन्हा माइक उचलला.

"सोनिया," केयूर हळूच म्हणाला, "जरा विचार कर."

तिनं केला. मग बटण दाबलं.

"प्रवाशांनो, विमान अजून मुंबईतच उभं आहे. त्यात बिघाड झालाय. दुपारच्या आत ते इथं येणार नाही. ज्यांना रस्त्यानं जायचंय त्यांनी माझ्याकडं या. ज्यांना थांबायचंय त्यांनी जेवून घ्या."

आता गलका होणार म्हणून केयूर दोन पावलं मागं सरकला. गलका झालाही, पण उठण्याचा. फोन लागले. एकमेकांना कधी न पाहिलेली चार माणसं एका गाडीचं ठरवून निघाली. एका बाईनं सरळ पोळ्यांचा डबा उघडला आणि शेजारणीला म्हणाली, घ्या. भांडायला काउंटरवर कुणीच आलं नाही.

दुपार झाली. केयूर लॅपटॉपवर पुढच्या घोषणेचा मजकूर लिहीत होता. एक ओळ लिहायचा, पुसायचा. तेवढ्यात सोनियाचा फोन वाजला. दोन शब्द बोलून तिनं ठेवला.

"त्या आजी?" केयूरनं विचारलं.

"हो. नंबर घेऊन गेल्या होत्या."

"कधीपर्यंत पोचतील?"

सोनिया नुसतं त्याच्याकडं बघत राहिली.

"बरं." त्यानं लॅपटॉप मिटला. "कुठं आहेत?"

"इगतपुरी ओलांडली."