आधी शेपूट बघा

“हात लावू नका, नाना. आधी शेपूट बघा.”

सुदर्शननानांनी पुढं केलेला हात मागं घेतला. सीताफळाच्या फांदीवर घोयरा बसला होता, तो रंग बदलणारा, एक डोळा इकडं अन् एक तिकडं फिरवणारा सरडा. कुंपण छाटताना कुणाच्या तरी कोयत्यानं त्याचा पाय चिरला होता. विषारी हाय, दगड घाला, असं गल्ली म्हणाली. नानांच्या लेकीनं, तनुजानं त्याला उचलून अंगणात आणलं. पिंजरा नाही, दोरी नाही. जखम भरून आली तरी तो झाड सोडून गेला नाही.

पंचमीला माहेरी औशाला आलेली तनुजाही गेली नव्हती. पोळा झाला, गणपती बसले. सासरचं विचारलं की ती “ठीक हाय” एवढंच म्हणायची. सरड्याचं विचारलं की बोलत सुटायची. म्हणून बाप रोज सरड्याचंच विचारायचा.

“सैल सोडलंय बघा. फांदी चाचपून राहिलाय. म्हंजी बरं चाललंय त्याचं,” ती म्हणाली. “झोपताना गुंडाळतो, जिलबीवानी. पण तवा डोळे मिटलेले असत्यात. डोळे टक्क उघडे अन् शेपूट घट्ट वळलेलं, की समजायचं भेव वाटलंय.”

“लोक तर म्हणत्यात, रंग बदलतो, लबाड जात.”

“लोकांचं काय जातंय. भ्यालं की काळा पडतो. ओरडता येत न्हाई त्याला. पालीवानी शेपूट टाकून पळताबी येत न्हाई. तुटलं की तुट…”

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. तनुजाचं वाक्य तोंडातच राहिलं.

जावई आला होता, लातूरहून. रुद्रेश. त्यानं सासूसासऱ्याच्या पाया पडून पेढ्याचा पुडा पुढं केला. गोड बोलला. माणूस चांगला दिसत होता. असले लोक दिसायला चांगलेच असतात.

“परवा महालक्ष्म्या बसायच्या, मामी. आई म्हणती, घरची सून घरात पाहिजे.”

“हाव की. सूनच न्हाई तर त्यांचं कोण करायचं?” तनुजाची आई तारामती म्हणाली. तिची तयारी सकाळीच झाली होती. पोरीला नवं लुगडं नेसवलं होतं, ओटीचं ताट भरून ठेवलं होतं. तनुजाला कुणी विचारलं नाही. पोरीला विचारायचं असतं, हेच त्या घराला ठाऊक नव्हतं. चहात साखर किती घालू, हे मात्र जावयाला दोनदा विचारलं.

कप हातात घेऊन रुद्रेश झाडाजवळ आला. “हे काय पाळलंय, मामा? रंग बदलायचं शिकून राहिली का काय आमची मंडळी?” तो हसला आणि गाडीची चावी त्यानं सरड्याच्या तोंडापुढं हलवली.

सरडा फुगला. हिरव्याचा काळा झाला. शेपूट आत आत वळत गेलं आणि घट्ट बसलं.

“भ्यालाय त्यो,” नाना म्हणाले.

“मी काय केलं? हात तरी लावला का?”

तनुजा दारात उभी होती. तिनं मान वर केली नाही.

मग पाट मांडला. तनुजा पाटावर बसली. तारामतीनं हळदीकुंकू लावलं, तांदळाची ओंजळ भरली. “पदर पसर.”

तनुजा बसून राहिली.

“अगं, पदर पसर की. पाव्हण्यांला उशीर व्हायलाय.”

“तिची सवयच हाय ती, मामी,” रुद्रेश दारातून हसत म्हणाला. “एका बोलण्यात ऐकत न्हाई.”

नानांनी आजवर बऱ्याच ओट्या भरताना पाहिल्या होत्या. बघतात सगळे ताटाकडं नाहीतर तोंडाकडं. त्यांनी पोरीचा हात पाहिला. पदराचं टोक तिनं बोटाभोवती गुंडाळलं होतं. वेढ्यावर वेढा, इतका घट्ट की बोटाचं पेर पांढरं पडलं होतं. डोळे टक्क उघडे. तोंडातून आवाज नाही.

नाना उठले. ताटातला नारळ त्यांनी उचलला.

“आवं, काय करून राहिलात? ओटीचा हाय त्यो.”

नानांनी नारळ नेऊन गणपतीपुढं ठेवला. परत आले. “ठेव ते तांदूळ ताटात.”

“येड लागलं का तुमाला? सण तोंडावर आलाय. लोक काय म्हणतील?”

“म्हणू दे. लोकांनी तर ह्या सरड्यालाबी दगड घाला म्हणलं होतं.”

तारामतीच्या हातातले तांदूळ बोटांतून गळायला लागले. रुद्रेश चप्पल घालायचा थांबला. त्याचा आवाज अजून गोडच होता.

“मामा, झालं काय? मी काय केलं?”

“ते तिला सांगावं वाटंल तवा ती सांगंल,” नाना म्हणाले. “तुमी जेवून जावा, पाव्हणं. तनू ऱ्हाईल.”

जावई जेवला नाही. गाडीचं दार जोरात आपटलं, ते गल्लीनं ऐकलं. तारामती भिंतीला टेकून बसली आणि पदरानं डोळे पुसायला लागली. तनुजा अजून पाटावरच होती.

नाना तिच्यापासून जरा अंतर ठेवून खाली बसले. तिच्या डोक्यावरून हात फिरवावा असं त्यांना फार वाटलं. त्यांनी हात आपल्याच मांडीवर ठेवले आणि तिच्या बोटाकडं बघत राहिले.

बऱ्याच वेळानं एक वेढा सुटला.