निळ्या फुलाचं औषध

जी वनस्पती जगात कुठेच नव्हती, ती हातात धरून गवंडी स्वतःच्या घराच्या दारात उभा होता.

"आजी, सापडली!" तो म्हणाला.

त्याचे गुडघे फुटले होते, सदरा खांद्यावर फाटला होता. मुळांभोवतीचं ओलं फडकं मात्र नीट गुंडाळलेलं होतं. मातीच्या ढेकळासकट, एकही मुळी न तोडता त्याने ते रोप थापीने खणून काढलं होतं. खाटेशेजारी बसलेल्या मुळीआजीच्या तोंडचं पाणी पळालं. खाटेवरच्या गवंडिणीने डोळे उघडले, नवऱ्याकडे बघितलं आणि पुन्हा मिटून घेतले.

मुळीआजी झाडपाल्याचं औषध देई. खोकला, मुरडा, विंचू, मोडलेलं हाड. पन्नास वर्षांत सगळा डोंगर तिच्या हाताखालून गेला होता. पण काही दुखणी तिच्याही हाताबाहेरची असत. गवंडिणीच्या पोटात गाठ होती. मोठ्या दवाखान्याने 'आता घरीच ठेवा' म्हणून परत पाठवलं होतं. अशा घरची माणसं शेवटी मुळीआजीकडे येत, आणि ती त्यांना एखादी वनस्पती आणायला सांगे. कधी काय, कधी काय, बसल्याबसल्या सुचेल ते. या वेळी तिच्या तोंडून निघालं होतं, खिंडीच्या वर, कड्यातून पाणी पाझरतं तिथे बघ. निळं फूल, पाच पाकळ्या, पानाला मागून लव, देठ मोडला की तांबडा चीक.

तिला यात पाप वाटत नसे. रिकाम्या हातांची माणसं उशाशी बसून रडतात आणि जाणाऱ्याला धड जाऊही देत नाहीत, हे तिने फार बघितलं होतं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात; म्हातारी ती काडी पुरवायची. घरचा माणूस डोंगर तुडवत राही आणि ती रोग्यापाशी बसे, तोंडात पाणी घाली, कूस बदलून देई. दोन-तीन दिवसांनी तो हात हलवत परत येई. "यंदा उगवली नसेल रे," ती म्हणे. मग दोष त्याचा नाही, तिचाही नाही, दोष डोंगराचा. लोक डोंगर पोखरून उंदीरसुद्धा न काढता परततात, यावरच तिचा सगळा कारभार चालला होता.

आणि हा पठ्ठ्या खरंच घेऊन आला होता.

स्वयंपाकघरात तिने ते रोप खिडकीपाशी धरलं. फूल निळं होतं. पाकळ्या तिने दोनदा मोजल्या. पाचच. पानाला मागून लव होती. देठ मोडला तर बोटावर तांबडा थेंब आला. असलं झाड तिने जन्मात पाहिलं नव्हतं. तिने पानाचा तुकडा जिभेवर ठेवला. तुरट लागला. त्यापलीकडे जिभेने काही सांगितलं नाही.

"हीच ना?" गवंडी दारातून हलायला तयार नव्हता.

नाही म्हणावं, तर कोणत्या तोंडाने? हो म्हणावं, तर त्या पोरीच्या पोटात आपण काय घालतोय हे आपल्यालाच ठाऊक नाही. इकडे आड, तिकडे विहीर.

"तिथे आणखी सात रोपं आहेत," तो म्हणाला. "मी त्यांना हात नाही लावला. दगड रचून खूण करून आलोय. उद्या दुसऱ्या कुणाला लागलं तर."

म्हातारीला भडभडून आलं. याचे पाय धरावेत आणि सगळं सांगून टाकावं, असं तिला वाटलं. पण तोंडातून निघालं ते एवढंच, "पातेलं दे."

जीभ सुजत नाही ना, पोट ढवळत नाही ना, हे बघत ती बराच वेळ थांबली. मग भरपूर पाण्यात दोनच पानं टाकली. पाणी उकळू लागलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपले ओठ हलताहेत. लागू पडू दे, ती म्हणत होती. का नाही पडणार? एवढा मोठा डोंगर, तिला तरी तो सगळा कुठे माहीत होता? बोलता बोलता तिच्या तोंडून खरंही निघून गेलं असेल. काढा वाटीत ओतून ती वाटी धरून तशीच उभी राहिली; शेवटी गवंड्यानेच ती तिच्याकडून घेतली.

त्याने बायकोला खांद्याशी टेकवून बसवलं. ती घोट घोट करत शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली.

"कसं वाटतंय?"

"आत ऊब आल्यासारखं वाटतंय," ती हसून म्हणाली. "अहो, द्राक्षं खावीशी वाटताहेत. कुठे मिळतात का बघा ना."

महिनाभरात तिने खायला काही मागितलं नव्हतं. गवंडी चपला न घालताच पळाला.

म्हातारी खाटेच्या कडेला टेकली. "खरंच बरं वाटतंय का गं पोरी?" तिने विचारलं. तिचा आवाज रोग्याच्या नातेवाइकासारखा झाला होता.

नवऱ्याची पावलं लांब जाईपर्यंत गवंडीण थांबली. मग तिने म्हातारीचा हात आपल्या हातात घेतला.

"मी तेव्हा बारा वर्षांची होते, आजी," ती हळूच म्हणाली. "माझ्या आईच्या वेळी तुम्ही पिवळं फूल सांगितलं होतं."