संत अपोलोनियाचा जल्लाद

गिलिसचा गाल टम्म सुजला होता, आणि अँटवर्पच्या अख्ख्या बाजारात दात उपटणारा माणूस एकच, वाउटर. गिलिसने सोसवेल तेवढी कळ सोसली. शेवटी मान खाली घालून तो वाउटरच्या खुर्चीत जाऊन बसला.

दाढेपेक्षा शरमच जास्त ठणकत होती. गिलिस तांब्याच्या पत्र्यावर सुईने रेघा ओढायचा, पत्रा तेजाबात बुडवायचा आणि त्यावरून संतांची चित्रं छापायचा. गेल्या हिवाळ्यात त्याने हुतात्मा संत अपोलोनिया काढली. ती खांबाला बांधलेली, आणि सांडशीने तिचे दात उपटणारा रोमन जल्लाद. जल्लादाला चेहरा कुणाचा द्यायचा? सांडशी म्हटल्यावर वाउटरच आठवला. वर त्याला हसताना दाखवला. तसं चित्र जास्त खपतं. खपलंही. दाढ दुखली की हे चित्र गालाला लावून प्रार्थना करायची रीत, त्यामुळे ते घरोघर पोचलं, आणि वाउटरही. लोक त्याला जल्लाद म्हणू लागले. गिऱ्हाइकं तुटली. चर्चमध्ये त्याच्या बाकावर कुणी बसेना.

"या, चित्रकार!" वाउटरची बायको लिस्कन म्हणाली. "गावाला पुरतं ते चित्र, तुम्हालाच कसं नाही पुरलं?"

"वहिनी, चुकलं माझं. मी..."

"गप गं तू," वाउटर बायकोला म्हणाला. "आधी दाढ, मग भांडण. गिलिस, आ कर."

त्याने दारूचा बोळा हिरडीवर दाबला. एव्हाना बघे जमले होते. त्यातला एक ओरडला, "जल्लादा, सांभाळून रे! बाप आहे तो तुझा, त्यानेच घडवलंय तुला!"

एकच हशा पिकला. वाउटरने सांडशी उचलली. धरणीने पोटात घ्यावं असं गिलिसला झालं. त्याने डोळे गच्च मिटून घेतले.

लिस्कनने मागून त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं. "डोळे उघडा," ती त्याच्या कानाशी म्हणाली. "तुम्ही याला कधी काम करताना पाहिलेलंच नाही. आता बघून घ्या."

गिलिसने डोळे उघडले. सांडशी आत गेली होती. वाउटरचा चेहरा अगदी वीतभर अंतरावर होता. कपाळावर घाम, डोळे काठोकाठ भरलेले. दाढ हलली तसा तोच कळवळला, आणि बघ्यांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू पुटपुटत राहिला, "झालं हं, झालं... झालं, बाळा."